तिसरा रायन

दिल्लीत थंडी पडली की ट्रंकेतले स्वेटर बाहेर निघतात. तसे आमच्या लक्ष्मीबाई नगरात उन्हाला बसलेल्या बायकांचे किस्सेही निघतात. माझ्याकडचे बरेचसे एकाच नावाचे आहेत.

*

नातवाचं नाव सुनेनं, शिल्पानं, मोबाइलमधून काढलं. रायन. "एकदम युनिक आहे, आई. अर्थ छोटा राजा."

मी वर पाहिलं. सरकारी क्वार्टर, छताला ओल, प्लंबर येईना. म्हटलं, राज्य तर छोटं आहेच!

*

शेजारच्या साळवेबाई अहमदनगरकडच्या ख्रिस्ती. त्यांचा नातू प्रभाकर. पेढा तोंडात टाकत म्हणाल्या, "चर्चला आम्ही जायचं, आणि रायन तुमच्याकडे होय, आजी?"

*

माझ्या मनात होतं, ह्यांचं नाव घरात परत यावं. पण जन्मात कधी ते तोंडानं घेतलं नाही, मग मागू कसं? "ह्यांचं ठेवा की," एवढंच म्हटलं.

माधव, माझा मुलगा, हसायला लागला. "मग तू त्याला हाक काय मारशील?"

बिल्कुल बरोबर.

*

बारशाला माझी सुनंदा पानिपतहून आली. तिला तिथे दिली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, मराठी माणसाला पानिपत कधी लाभलंय म्हणून. पुढे तिच्या सासरची ब्लँकेटं मात्र सगळ्यांनी नेली.

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ती पाळण्यात वाकली, कुर्रर्र केलं, आणि बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. त्या गलक्यात ती काय बोलली ते कुणालाच ऐकू आलं नाही. केकवर रायन लिहिलेलं होतं, तेव्हा टाळ्या त्यालाच पडल्या.

*

शाळेत घातला तर वर्गात आणखी तीन रायन. टीचरनी सरळ नंबर दिले. आमचा तिसरा. शिल्पा तोंड पाडून घरी आली.

मी समजूत काढली, "अगं, राजांना नंबर असतातच."

*

परवा संध्याकाळी शिल्पा पार्कात हाका मारून थकली. दर हाकेला दुसरेच रायन वळून बघायचे. आमचा आपला बॅटिंग करतोय.

तेवढ्यात सुनंदा रिक्षातून उतरली. फाटकाशी उभी राहिली आणि आपल्या वडिलांच्या नावानं तिनं एकदाच हाक मारली.

पोरगा बॅट टाकून धावत सुटला.

मी बाकावर बसले होते. डोक्यावर पदर घेतला.