डेअरीत ॲडमिट

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून सरकारी पाहणीत मला रोजंदारीवर अन्वेषक म्हणून घेतलं तेव्हा आई म्हणाली, लोकांना प्रश्न विचारायला निघालीस की भांडायला, ते आधी ठरव.

दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. सरकारनं एक अभ्यास हाती घेतला होता. मोठ्या दवाखान्यात पडून असलेल्यांपैकी खरोखर तिथं राहायची गरज कुणाला आहे, आणि बाकीच्यांची देखभाल दुसरीकडे कुठं होऊ शकेल, एवढंच शोधायचं होतं. पण त्याचं सरकारी नाव इतकं लांब होतं, की ते वाचून होईस्तोवर रोगी बरा होऊन घरी जावा.

पहिला आठवडा मी बीडच्या दवाखान्यात वॉर्डावॉर्डातून हिंडले. ‘रोगी अजून इथं का आहे?’ या प्रश्नाला छापील उत्तरं चारच होती: उपचार बाकी, घर लांब, घरी बघणारं कोणी नाही, आणि इतर. माझ्याकडे सगळे ‘इतर’च निघाले. डॉक्टरांनी घरी जा म्हटलेलं, जखम भरत आलेली, पण गावात टँकर चौथ्या दिवशी. जखम धुवायची कशानं? इथं निदान नळ होता. ‘इतर’च्या पुढं ‘पाणी, पाणी’ लिहून माझी पेन्सिल झिजली.

अशात एक साठीची बाई बोचकं बांधताना दिसली. पोटाचं ऑपरेशन झालेलं, टाके ओले, आणि चेहरा लग्नाला निघाल्यासारखा. ती धारूरकडच्या डोंगरातल्या एका गावची होती. घरी बघायला कोण आहे, असं मी विचारलं.

“घरी न्हाई जायाचं,” ती म्हणाली. “डेअरीत ॲडमिट व्हायचं हाय.”

हिला ताप चढलाय असं वाटून मी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि गाठ मारली.

पुढच्या आठवड्यात मी धारूरची एसटी धरली आणि तिथून एका जीपनं तिच्या गावी गेले. आता माझ्याकडे गावासाठीचा वेगळा तक्ता होता. त्यातला नववा प्रश्न: ‘गावात एकूण खाटा किती?’ सरकारी भाषेत तीस खाटांचा दवाखाना म्हणतात, त्या खाटा. दूध सोसायटीचे चेअरमन सामोरे आले. हयात दुधात गेलेली, त्यामुळे हातात आलेली कुठलीही वस्तू आधी हुंगायची त्यांना सवय होती. माझा तक्ताही त्यांनी हुंगला, प्रश्न दोनदा वाचला आणि सोसायटीच्या दोन सभासदांना कुठंतरी पिटाळलं. दुपारी दोघं घामाघूम होऊन परतले.

“एकशे सत्त्याऐंशी,” चेअरमननी जाहीर केलं. “त्यातल्या बारा मोडक्या हायत. धरू का नको?”

घरोघरच्या बाजा मोजून आणल्या होत्या! मी कपाळाला हात लावला आणि मग तोंड सोडलं. सरकारी अभ्यास आहे, चेष्टा नाही, खाट म्हणजे दवाखान्यातली, असं बरंच काही बोलले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मग तसं कावून न्हाई लिवलं, ताई? माणूस निजतो ती खाट.”

त्यांचं बरोबर होतं, म्हणून मी आणखीच चिडले. ते म्हणाले, आधी डेअरी तर बघा.

डेअरी म्हणजे दोन खोल्या. निम्मी जनावरं चारा छावणीवर गेलेली, त्यामुळे सकाळी जेमतेम दोन कॅन दूध जमायचं आणि आतली खोली रिकामी पडली होती. पण कॅन धुवायचा हौद होता, पाणी उकळायचा बंब होता, आणि टँकर आला की पहिलं पाणी डेअरीला, असा गावाचा ठराव होता. दाराशीच मला चपला काढायला लावल्या आणि कोपरापर्यंत हात धुवायला लावले. घोटभर पाण्यासाठी रांग लागणाऱ्या गावात हातांवर तांब्या रिकामा होताना मला कसंतरीच झालं.

आत सहा बाजा होत्या, त्यांवर धुतलेल्या गोधड्या. तिसऱ्या बाजेवर बीडची ती बाई होती. मला बघून गालातल्या गालात हसली. बीडला ऑपरेशन झालं की गावची माणसं चार दिवसांत इथं यायची. उकळलेलं पाणी इथं होतं, घरचं माणूस डबा आणायचं, आणि गावच्या उपकेंद्राची सिस्टर सकाळ-संध्याकाळ ड्रेसिंग करायची. भिंतीवर दुधाचा फळा तसाच होता. दूध पातळ की घट्ट ते ज्या आकड्यानं कळतं त्याला डेअरीत ‘डिग्री’ म्हणतात. तो रकाना कुणी पुसला नव्हता. फक्त गवळ्यांच्या जागी रोग्यांची नावं आली होती आणि डिग्रीखाली ताप लिहिला होता.

सिस्टर परगावची, चाळिशीची, कमी बोलणारी बाई. तिनं कपाटातून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. वरच्या कचेरीची नोटीस होती: विनापरवानगी जागेत रोगी ठेवता, पंधरा दिवसांत खोली बंद करा, नाहीतर निलंबन.

“नोकरी गेली तर गेली म्हणायची माझी ऐपत नाही,” ती म्हणाली. “दोन पोरी शिकतात. पण या सहा जणांना कुठं नेऊन घालू, ते तुमच्या कागदात आहे का?”

नव्हतं. माझ्या कागदात दोनच रकाने होते, दवाखाना आणि घर. नवव्या प्रश्नापुढं मी चेअरमनचा आकडा तसाच राहू दिला आणि या दोन्ही रकान्यांवरून आडवं लिहिलं: डेअरी.

बीडला आमच्या पाहणीचे साहेब खुर्चीतून जिल्हाभरच्या तक्त्यांवर खुणा करायचे, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायचे. माझा तक्ता वाचून ते पोट धरून हसले. एकशे सत्त्याऐंशी खाटा! या लोकांना खाट म्हणजे काय तेही कळत नाही, असं म्हणून त्यांनी ते पान रद्द करायला लाल पेन उचललं. ते पान गेलं असतं तर सिस्टरचे पंधरा दिवस भरले असते. माझं डोकं फिरलं.

“त्यांना कळतं, साहेब. आपल्याला कळत नाही. एकदा येऊन बघा, नाहीतर मी भरलेले सगळे तक्ते मला परत द्या.”

आता रोजंदारी गेलीच, असं धरून मी उभी राहिले. पण साहेब माणूस वाईट नव्हता. बहुतेक त्यांना ‘येऊन बघा’ असं आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. त्यांनी पेन ठेवलं आणि जीप मागवली.

डेअरीच्या दारात साहेब बुटांसकट आत शिरायला लागले. चेअरमननी हात आडवा घातला. मागं अर्धा गाव उभा होता.

“दूध आसो का माणूस, साहेब, हात धुतल्याबिगर शिवायचं न्हाई हितं.”

साहेबांनी बूट काढले, घड्याळ काढलं, बाह्या वर केल्या. चेअरमननी स्वतः पाणी घातलं. मला इतका आनंद झाला, की हसू दाबायला मी बंबाकडे तोंड फिरवलं.

आत त्यांनी फळा वाचला आणि ही डिग्री कशाची, असं विचारलं. मग सिस्टरची वही मागून घेतली. एकेक जखम कोणत्या दिवशी कशी होती, सगळं त्यात होतं. दोन तास ते एका रिकाम्या कॅनवर बसून वाचत होते, मध्ये उठून एकेका रोग्याशी बोलत होते. मग वही सिस्टरला परत दिली आणि बूट घातले. परतीच्या वाटेत नेकनूरला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी मला विचारलं.

“तो नववा प्रश्न कुणी लिहिला होता?”

“तुम्हीच, साहेब.”

ते इतके मोठ्यानं हसले, की चहावाला वळून बघायला लागला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नोटीस काढणाऱ्या कचेरीला पत्र धाडलं: सदर जागा सरकारी अभ्यासाखाली आहे, अहवाल येईपर्यंत बंद करू नये.

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथं आठ लागले. पाऊस अजून नव्हताच, पण अहवाल छापून आला, मंजूर झाला, आणि त्यापाठोपाठ हुकूम निघाला: खोली मान्य, औषधं सरकारची, सिस्टरवरची नोटीस रद्द. दोन्ही कागद पिशवीत घालून मी पहिली एसटी पकडली. वाटेत ते तीनदा काढून वाचले, शेजारच्या बाईलाही वाचून दाखवले.

डेअरीत मी अहवालातली ती ओळ मोठ्यानं वाचली: खाट म्हणजे जिथं निजलेल्या रोग्याकडे बघायला स्वच्छ हाताचं माणूस आहे, अशी जागा. गावाच्या नावापुढं आकडा होता, सहा.

“साच?” चेअरमन नाराज झाले. “एकशे सत्त्याऐंशी मोजून दिलत्या की.”

सिस्टरनं हुकूम दोनदा वाचला. घडी घालून कपाटात ठेवला, जिथं नोटीस होती तिथंच. मग हौदाकडे गेली, कोपरापर्यंत हात धुतले, आणि पहिल्या बाजेवरच्या म्हाताऱ्याचं ड्रेसिंग सोडायला बसली. तिचे डोळे वाहत होते, आणि हात धुतलेले असल्यामुळे तिला ते पुसता येईनात. मी पुढं होऊन माझ्या पदरानं पुसले.

चेअरमन फळ्यापाशी गेले. सहा नावांखाली खडूनं सातवं लिहिलं, ‘सिस्टर’, आणि डिग्रीच्या रकान्यात, ‘उतरला’.