आधी तिकडं द्या, मग इकडं या

आमच्या खात्यातल्या गोष्टी कुणी जमवायला जात नाही. मीटिंगला गेलं, चहा येईपर्यंत एकीनं एक सांगितली, की दुसरी सिस्टर दोन सांगते. आता सगळ्या हसतात. त्या वेळी हसायचं कुणाला सुचत नव्हतं.

मी तेव्हा देगलूर तालुक्यात, तेलंगणाच्या हद्दीजवळच्या एका गावात सिस्टर होते. सोबतीला आशाताई कमल, त्याच गावची सून. आणि वर प्राथमिक आरोग्य केंद्राचे बिरादार डॉक्टर. लातूरचे, नोकरीला नवीन, नुकतेच बाप झालेले. आमच्या तिघांच्या या गोष्टी.

•

लॉकडाऊनमध्ये बाळांचं लसीकरण मध्ये थांबलं होतं. मग पुन्हा सुरू करा म्हणून आदेश आला. पण गावात भोंग्याची रिक्षा फिरायचीच. त्यात कुणा पुण्याकडच्या बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज, "अत्यावश्यक कारणाशिवाय घराबाहेर पडू नका."

रिक्षा पुढं गेली की तिच्या मागून मी आणि कमल दारोदार. "लेकराला घेऊन अंगणवाडीत या."

नरसव्वा म्हणून एक म्हातारी होती. घरात तेलुगू बोलायची, आमच्याशी मराठी. तिनं ओसरीवरूनच हात केला आणि म्हणाली, "बाई, ती म्हणती घरात बसा, तुमी म्हणता भायेर या. तुमी दोघी आधी एका जागी बसून ठरवा. मग आमाला सांगा."

कमल म्हणाली, "मावशी, ती रिक्षात हाय, आमी पायी. आमचं कोण ऐकतंय?"

•

कोरोनाची लस अजून यायची होती, पण तिची अफवा आधीच आली. लहान लेकरांच्या सुईतच नवीन सुई मिसळून देऊन राहिलेत, असा मेसेज मोबाईलवर फिरायला लागला.

बौद्ध वस्तीत सुमेध नावाचा पोरगा होता, बी.ए. झालेला. माझं माहेर नांदेडचं, आमच्याही घरात बाबासाहेबांचा फोटो. त्यामुळं तो माझ्याशी मोकळं बोलायचा. जयभीम झाला आणि म्हणाला, "ताई, तुमच्यावर राग न्हाई. पण नवीन काही आलं की आधी गरिबावर करून बघतेत. आधी पाटलाच्या गल्लीत द्या, मग इकडं या."

ही नवीन नाही, तुला-मला दिलेलीच सुई आहे, असं मी परोपरीनं सांगितलं. तो हो हो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

तिथून आम्ही पाटलाच्या गल्लीत गेलो. व्यंकटराव पाटील दारातच खुर्ची टाकून बसले होते. गावात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांच्या नातवाचाही डोस राहिलेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वस्तीकडं बोट दाखवलं. "आधी तिकडं द्या. तिकडच्या लेकरांना काय होतं ते बघू."

सुमेधला येडं म्हणायची सोय राहिली नाही.

कमलनं तोड काढली. दोन्ही गल्ल्यांच्या मधोमध, शाळेच्या फाटकापाशी टेबल टाकलं. दोन बाया आल्या. दोघी परगावी दिलेल्या, लॉकडाऊनमुळं माहेरी अडकलेल्या.

•

मग एकदा अंगणवाडीत कशाबशा आठ-दहा बाया जमल्या. कमलनं पिशवीतले शेंगदाणे तोंडात टाकले आणि तिला ठसका लागला. ठसकाच तो. पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकली.

मी सुई भरत होते. मान वर केली तर खोली रिकामी. एकीची चप्पलसुद्धा मागं राहिली होती.

कमलचा नमुना कोरोनाच्या तपासणीला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत नळावर तिच्या घागरीच्या आसपास कुणी फिरकेना. तिची पोरगी अंगणात एकटीच खेळायची. रिपोर्ट निगेटिव्ह आला. कमल तो पदराखाली धरून घरोघर दाखवत फिरली. एका बाईनं दुरूनच पाहिला आणि म्हणाली, "कागद बरोबर असंल, कमल. पण खोकली तर तू खरंच."

त्या दिवशी कमल माझ्यापाशी बसून रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याआधी हजर होती.

•

ज्याची भीती होती तेच झालं. शिवारातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातच, राहणाऱ्या एका घरात पोरीला गोवर निघाला. पूजा तिचं नाव, चालायला लागलेली. तिची गोवरची सुई राहून गेली होती; आम्ही एकदा दारातूनच सांगून आलो होतो. आजीनं देवी आली म्हणून दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला होता आणि घरात कुणाला पाय ठेवू देत नव्हती.

डॉक्टर आले. त्यांनी डहाळ्याला हात लावला नाही. बाहेरच चप्पल काढली, पाय धुतले, आजीला म्हणाले, "आई, देवाचं तुमचं तुम्ही करा. मी फक्त पोरीचा श्वास बघतो."

श्वास बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. छाती आत ओढली जात होती. त्यांनी स्वतःच्या गाडीत आई-लेकीला बसवलं, मी पुढं बसले. देगलूरच्या दवाखान्यात पुढं नांदेडला न्यायला सांगितलं. साऱ्या रस्त्यात आईचं एकच चाललं होतं. "सिस्टर, हलून राहिली ना ती? बघा ना, हलून राहिली ना?"

पूजा वाचली. परत आल्यावर मी भेटायला गेले. आईनं चहा ठेवला आणि पाठमोरीच विचारलं, "ती सुई दिली असती तर हे टळलं असतं का?"

मी म्हणाले, "बहुतेक टळलं असतं."

ती वळली. "मग तवा येवढ्या हळू का सांगितलंत?"

•

पूजानंतर डॉक्टरांनी हट्टच धरला. मारुतीच्या पारासमोर, अंतरा-अंतरानं माणसं बसवून त्यांनी बैठक घेतली. माईकवर तासभर बोलले. गोवर काय, घटसर्प काय, ताप का येतो, सगळं. चांगलं बोलले. सुमेधनं प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं दिली. लोक मान हलवत होते. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात व्यंकटराव उठले. "डॉक्टरसाहेब, तुमचं सगळं पटलं. एकच सांगा. तुम्हालाबी लेकरू हाय म्हणे. त्याला दिली का?"

 माईकमधून नुसती खरखर ऐकू येत होती.

त्यांची मुलगी लातूरला, आजोळी. सगळीकडं साथ, दवाखान्यात न्यायला घरच्यांना भीती, यांना इथून निघता येत नव्हतं. तिचाही डोस राहिलेला. मला ते माहीत होतं. मी मनात म्हणत होते, द्या ठोकून, हो म्हणा, कोण बघायला जाणार आहे.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "राहिली आहे."

व्यंकटरावांनी टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला आणि चालू लागले. त्यांच्या मागं निम्मी बैठक उठली.

•

पुढच्या लसीकरणाला शाळेच्या फाटकापाशी डॉक्टरांची गाडी थांबली. आतून त्यांच्या मिसेस उतरल्या, कडेवर मुलगी. परवाना काढून लातूरहून आणलं होतं. वहिनींचा चेहरा ओढलेला. माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "सिस्टर, घरी सगळे नको म्हणत होते. इतक्या लोकांत माझं बाळ दाखवायला आणलंय यांनी."

दोन्ही गल्ल्यांतली माणसं येऊन उभी होती. एका बाजूला सुमेध, दुसऱ्या बाजूला व्यंकटराव, त्यांच्यामागं त्यांची सून ज्योती. मी सुई दिली. मुलगी रडली आणि आईच्या खांद्यावर शांत झाली.

एवढं होऊनही टेबलापाशी कुणी आलं नाही. घरीही कुणी गेलं नाही. सगळे फाटकाजवळच्या लिंबाच्या सावलीला धरून बसले आणि त्या मुलीकडं बघत राहिले.

दुपार कलली तशी तिच्या अंगात कणकण आली. ताप येणार हे आम्ही आधीच सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं. डॉक्टरांनी औषधाचे थेंब पाजले. ती किरकिर करायला लागली, दूध घेईना. वहिनींना रडू फुटलं. लोकांत कुजबूज सुरू झाली. एकजण म्हणाला, "बघा, म्हणलो नव्हतो?" डॉक्टर घड्याळ बघत होते, पुन्हा पुन्हा मुलीच्या कपाळाला हात लावत होते. त्या घडीला ते डॉक्टर नव्हतेच.

तेव्हा ज्योती गर्दीतून पुढं आली. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई. तिनं वहिनींच्या कुशीतून मुलगी घेतली, मांडीवर आडवी केली, ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत राहिली. बराच वेळ पुसत होती. मुलीला घाम आला. तिनं डोळे उघडले, ज्योतीच्या मंगळसूत्राला हात घातला आणि खेळायला लागली.

ज्योतीनं मुलगी परत वहिनींकडं दिली. व्यंकटरावांकडं न बघताच म्हणाली, "मामा, बसा इथंच. आलेच मी."

ती घरी गेली आणि पोराला कडेवर घेऊन आली. सरळ माझ्या टेबलासमोर बसली. पोरगं नवी माणसं बघून हातपाय झाडायला लागलं, तिला एकटीला आवरेना.

 व्यंकटराव जागेवरून उठले. टॉवेल बाजूला ठेवला, सुनेशेजारी उकिडवे बसले आणि मला म्हणाले, "कोणता पाय धरू?"