सरकलेली बेंबी

आमच्या सासरी कुणालाही काहीही झालं, तरी आधी त्याची बेंबी बघत. बदनापूरकडच्या आमच्या गावात ही विद्या माझ्या सासूच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, अंगठ्यात होती. माणसाला उपाशीपोटी उताणं पाडायचं आणि बेंबीवर अंगठा दाबायचा. ठोका बेंबीतच लागला तर माणूस धड, बाजूला लागला तर बेंबी सरकली. मग पोटावर पेटती पणती ठेवून वर तांब्या पालथा घालायचा. पणती विझली की तांब्या पोट ओढून धरतो आणि बेंबी जागेवर येते. पुन्हा सरकू नये म्हणून पायाच्या अंगठ्याला काळा दोरा. डोकं हा अवयव आमच्या घरात फक्त पदर घ्यायला होता.

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षी आमचे मालक हद्दीपलीकडे वऱ्हाडात, लढणाऱ्यांच्या कॅम्पात निघून गेले. जाताना आईबापाच्या पाया पडले, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. मला म्हणाले, "कुणी इचारलं तर म्हैस घ्यायला गेल्ते म्हणून सांग." देशाच्या लढाईत माझ्या वाट्याला म्हैस आली.

निजामाचे गस्तवाले घोड्यांवरून यायचे आणि मालकांची चौकशी करायचे. अशा वेळी मामंजींना नेमकं शेतात काम निघायचं. आत्याबाई आतूनच सांगायच्या, "आमच्या सुनंला इचारा, तिलाच ठावं." मी दारात उभी राहून म्हैस सांगायची. तोंडाला कोरड पडायची, तळहात गार व्हायचे, छाती धडधडायची आणि ते वळले की मला परसाकडं पळावं लागायचं. पुढं पुढं ते आले नाहीत तरी तेच व्हायला लागलं. कुणाचा बैल पळाला तरी मला घोडा ऐकू यायचा. झोप गेली, केस फणीत यायला लागले. त्यात शेजारीण विचारायची, "म्हैस काय विलायतेहून चालत येऊन राह्यली का, बाई?"

आत्याबाईंनी माझी बेंबी कितीदा बसवली, गणती नाही. दरवेळी ती सरकलेलीच असायची. तांब्या लावला की मला थोडं बरं वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे. तेवढा वेळ पडून राहायला मिळायचं.

पुढं माझी लेक डॉक्टर झाली, तिनं मला समजावून सांगितलं. मूत्रपिंडावर टोपी घातल्यासारखी एक ग्रंथी असते. माणूस भ्याला की ती रक्तात रस सोडते, कारण अंगाला वाटतं आता पळायचं आहे. मी कुठं पळणार होते? मी दारात म्हैस सांगत उभी होते. असा रस रोज सुटत राहिला की आधी झोप खातो, मग भूक, मग मन. आणि बेंबीतला ठोका? तो पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचा, म्हणाली, सगळ्यांनाच लागतो.

पोलीस ॲक्शन झाली आणि मालक हारतुरे घालून वाजतगाजत परत आले. आता सूनही ठणठणीत होणार असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी मात्र तेव्हाच खरी आजारी पडले. भीती गेली आणि जाताना घरातलं सगळंच घेऊन गेली. चुलीपुढं बसले की भाकरी करपायची आणि मला ते दिसत असूनही हात उठायचा नाही. वेणी घालावीशी वाटेना, बोलावंसं वाटेना. उगीच रडू यायचं.

आत्याबाईंनी अंगठा दाबला. ठोका बराबर बेंबीत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. म्हणजे दुखणं नाही, सोंग.

"नवरा वाघासारखा घरी आला अन् ही रडून राह्यली," त्या मामंजींना म्हणाल्या. "दिवाळी झाली की माहेरी धाडा हिला. माझ्या लेकाला दुसरी बघू."

मालक समोरच सुपारी कातरत होते. वाघानं पुढचं खांड अडकित्त्यात धरलं. तेव्हा मला त्यांचा जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

दिवाळीच्या पहाटे मी त्यांना उटणं लावत होते. शेजारच्या अंगणात फटाका फुटला आणि मालक पाटावरून उठून ओल्या अंगानं घरात पळाले. शोधलं तर कणगीमागं अंग चोरून बसलेले. हाताला धरून बाहेर काढलं. तळहात गार, ओठ कोरडे. माझ्या फार ओळखीचे होते ते हात.

"तिकडून आल्यापासून असंच व्हतंय," ते खाली बघत म्हणाले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुलाबी असंच व्हतं व्हय?"

मी होकाराची मान हलवली. आत्याबाई धावत आल्या, पण लेकाचा प्रश्न त्यांनी ऐकलाच नाही. लेकाला उताणं पाडून त्यांनी अंगठा दाबला आणि रडायला लागल्या. "लय सोसलं गं माझ्या लेकरानं. बेंबी सरकली त्याची."

गावानं वाजवत आणलेला वीर पोटावर तांब्या घेऊन निजला. पणती मीच पेटवून दिली. आता दोरा पाहिजे होता आणि सणाच्या पहाटे काळा दोरा कुठून आणणार? आत्याबाई माझ्या पायाशी बसल्या, माझ्या अंगठ्याचा दोरा सोडला आणि लेकाच्या अंगठ्याला घट्ट बांधला.

"तू आता बरीच हायेस की," त्या म्हणाल्या. "ऊठ, पाणी तापव त्याला."

माहेरी धाडायची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही. मी बरी झाले, हे मला असं कळलं.