नाडी एक निघाली

माझ्या बहिणीची पत्रिका मी कोणत्याच ज्योतिषाला दाखवली नव्हती. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईला तिच्या शेवटच्या दुखण्यात नाही, बहिणीला तर नाहीच. बावीस वर्षं झाली. एक पत्रिका तिची आणि एक उमरखेडच्या त्या माणसाची, अशा दोन पत्रिका आठ दिवस माझ्या शर्टाच्या खिशात होत्या. घामानं घडीवरची शाई पसरली. नवव्या दिवशी मी दोन्हीकडे एकच निरोप दिला: नाडी एक निघाली.

ज्यांच्या घरी असलं काही चालत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे स्थळाला नाही म्हणायचं असलं की कोणी नाही म्हणत नाही. मुलगी पसंत पडली नाही, शेत कमी वाटलं, घराण्याबद्दल काही कानावर आलं, कारण काहीही असो, निरोप हाच जातो. दोघांची नाडी एक आली की लग्न होत नाही. त्यात कोणाचा दोष नाही, कोणाचा अपमान नाही. ऐकणाराही खोदून विचारत नाही. "बरं बाप्पा, देवाची मर्जी," म्हणतो, आणि घरी जाऊन आपल्यात काय कमी होतं ते शोधत बसतो. मला हे चांगलं माहीत होतं. तोवर मला स्वतःला हा निरोप चार घरांतून आला होता.

मी नेरला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. तेव्हा तासिकेवर होतो, नंतर कायम झालो. उत्क्रांतीच्या धड्यात लैंगिक निवड येते. नुसतं जगून भागत नाही, जोडीही मिळावी लागते. नर एकमेकांशी झुंजतात किंवा मादीपुढे स्वतःला मांडतात, आणि बहुतेक ठिकाणी निवड ती करते. मोराचा पिसारा सगळ्यांना पाठ असतो, म्हणून मी तो सांगत नाही. मी मुलांना कॉलेजमागच्या विहिरीवर नेतो. तिथल्या बाभळीला दरवर्षी पावसाळ्यात सुगरणींचे खोपे लागतात. डोकं पिवळं झालेला नर गवताच्या पात्या चिरून आणतो आणि खोपा अर्धाच विणतो, उलट्या टोपीएवढा. मग पंख फडफडवत ओरडत राहतो. मादी येते. आत बसून पाहते, चोचीनं पात्या ओढते, फांदी हलते का बघते. पटलं तर थांबते, आणि मगच तो खाली नळी विणून खोपा पुरा करतो. नाही पटलं तर उडून जाते. तो अर्धा खोपा तसाच लटकत राहतो.

दोन वर्षांपूर्वी तिथेच विहिरीवर एका मुलीनं विचारलं, "सर, बांधते नर, तं नाव बाईचं काहून? सुगरन म्हनतो आपन."

मी म्हटलं, "पसंती तिची असते म्हणून."

तिच्या शेजारची म्हणाली, "आपल्यात तं पोहे बी आपनच करा अन् पसंती बी त्यायची."

सगळे हसले. मीही हसलो. मग पुन्हा वर्गात येऊन फळ्यावर पुढचा मुद्दा लिहिला: नराकडून मादीला दिली जाणारी भेट. खंड्या मासा पकडतो, फांदीवर आपटून मारतो आणि स्वतः न गिळता मादीसमोर धरतो. माशाचं डोकं तिच्या बाजूला असतं, म्हणजे तिला गिळायला सोपं जावं. ज्याला मासा आणता येतो त्याला मादी मिळते. हे लिहिताना माझा हात दरवर्षी तिथेच थांबतो. मुलांना वाटतं सरांचा खडू तुटला.

बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान. सावळी. आमच्या घरी कधी कोणी रंगावरून बोललं नाही, पण पाहायला येणाऱ्या बायका रंग उजेडात दिसावा म्हणून खिडकीजवळ बसवायच्या तिला. वडील आधीच गेले होते, म्हणून स्थळांचे निरोप आणायचं-न्यायचं काम माझं. उमरखेडचा तो माणूस आमच्यातलाच, जनावरांच्या दवाखान्यात कामाला. गाई-म्हशींना कृत्रिम रेतनाची सुई द्यायचं त्याच्याकडे होतं, आणि आमच्या नात्यात त्यावरून बरीच थट्टा झाली होती. तो पाहायला आला, पोहे खाल्ले, आणि सगळ्यांसमोर सरळ तिलाच विचारलं, "तुमाले पसंत हाय का?"

माझी मावशी म्हणाली, "अशी पद्धत नसते जी. पोरीले कोनी इचारत नाही."

तो म्हणाला, "मावशी, मी दिवसभर जनावरायतच रायतो. तिथं कोनीच पसंती इचारत नाही. म्हनून इथं इचारून राह्यलो."

बहीण मान खाली घालून हसली. पुष्कळ दिवसांनी तिला असं हसताना पाहिलं होतं. म्हणाली, "घर पाहून सांगतो."

मुलीनं स्वतः घर पाहायला जायचं हेही आमच्यात नव्हतं, पण ती हटून बसली. आम्ही दोघं एसटीनं गेलो. दोन खोल्या, मागं न्हाणी, अंगणात शेवगा. त्याची आई चहा करत होती तर ही सरळ स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून पाहिला. खिडकी लावून उघडून पाहिली. ओट्याला कंबर टेकून उभी राहिली आणि त्याला म्हणाली, "ओटा लय खाली हाय. इथं सैपाक करता करता तुमच्या मायची कंबर मोडली असंल."

चहा गाळता गाळता म्हातारी म्हणाली, "मोडलीच व माय. पन याले आजपर्यंत दिसलं नाही."

परतताना पुसदच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. उसाचा रस पिता पिता बहीण म्हणाली, "दादा, मले पसंत हाय. नाडीगिडी काय ते पाहून घे अन् कळवून दे त्यायले." एवढंच. मग ग्लास खाली ठेवून आमची गाडी लागली का ते पाहायला गेली.

त्याच आठवड्यात माझ्यासाठी एक निरोप आला. पुढे जिच्याशी माझं लग्न झालं, तिच्या घरचा. तिला मी एका लग्नात पाहिलं होतं. घर मोठं, शेत ओलिताचं. त्यांनी मला एरवी दारात उभं केलं नसतं. तासिकेवरच्या मास्तरात पाहण्यासारखं काय असतं? पण त्यांचा थोरला मुलगा लग्नाचा राहून गेला होता. वय निघून चाललेलं, स्वभाव तापट, दोन ठिकाणी जमलेलं मोडलं होतं. मध्यस्थ म्हणाला, "मास्तर, त्यायचं म्हननं हाय, पोरगी देतो पन तुमची घ्याची. साटंलोटं करू. दोन लग्नं एकाच मांडवात."

मी म्हटलं, "बहिणीचं उमरखेडला बोलणं चालू आहे."

तो म्हणाला, "बोलनंच ना? नाडी तं पाहाची राह्यली असंल अजून." आणि हसला.

त्यानं एवढंच म्हटलं. बाकीचं मी केलं. आठ दिवस विचार केला असं म्हणणं खोटं होईल. आठ दिवस मी फक्त धीर गोळा करत होतो. खंड्याच्या चोचीत मासा असतो. माझ्या हातात बहीण होती, आणि मी तिचं डोकं बरोबर त्या घराच्या बाजूला केलं.

तिला स्वयंपाकघराच्या दारात सांगितलं. ती गहू निवडत होती. "नाडी एक निघाली उमरखेडची." तिनं सूप खाली ठेवलं. "त्यायनं कळवलं का आपन पाह्यली?" मी म्हटलं, "एकच गोष्ट आहे ती." हा माझा सगळ्यात मोठा खोटेपणा, आणि यातला एक शब्दही खोटा म्हणून पकडता येत नाही. तिनं पुन्हा सूप उचललं. थोड्या वेळानं म्हणाली, "खिडकीपाशी बसवलं नव्हतं त्या दिवशी. त्यायच्या घरी गेल्यावर नीट दिसली असंल मी."

मी चपला घालून बाहेर पडलो.

तो माणूस स्वतः नेरला आला. कॉलेजच्या पायऱ्यांवर मला गाठलं. मी तेच वाक्य म्हटलं. तो माझ्याकडे पाहत राहिला, मग पायऱ्यांकडे. "तुमच्या बहिनीचं बी तेच म्हननं हाय?" मी मान हलवली. होकाराची की नकाराची, मला आज सांगता येत नाही. त्यानं होकाराची धरली. "बरं मंग," तो म्हणाला. जाता जाता थांबला. "ओटा वीतभर उचलून घेतला होता. फरशी बसवाची राह्यली फक्त. राहू द्या, मायले सोय होईल." आणि स्टँडकडे गेला.

दोन लग्नं एकाच मांडवात झाली.

साट्यालोट्यात एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. दोन्ही घरांच्या मुली एकमेकींच्या जामीन असतात. मेव्हण्यानं बहिणीवर पहिल्यांदा हात उचलला तेव्हा ती माहेरी आली. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी माझ्या बायकोला घेऊन जायला माणूस पाठवला. बायको सात महिन्यांची गरोदर होती. बहिणीनं ते पाहिलं, पिशवी भरली आणि कोणी न सांगता परत गेली. त्यानंतर ती तशी कधी आली नाही. दिवाळीला यायची, भाऊबीज करून जायची. एकदा ओवाळताना तिच्या मनगटावर पिवळं-हिरवं झालेलं मी पाहिलं. तिनं बांगड्या खाली ओढल्या. मी ताटात ओवाळणी टाकली.

मेव्हणा तिला चारचौघांत कावळी म्हणतो. थट्टेत. "कावळे, पानी आन." सगळे हसतात, तीही. आमच्या घरी तिच्या रंगावर कोणी कधी बोललं नव्हतं, आणि आता ती स्वतःच बोलते. फोटोत मागे उभी राहते. लग्नात नवी साडी घेतली तर म्हणते, "माझ्या अंगावर काय शोभते बाप्पा." दुखतं ते मार खाल्ल्याचं असेलच, पण तिनं स्वतःबद्दल हे जे पक्कं करून घेतलं, ते मेव्हण्यानं दिलेलं नाही. ते मी दिलं, गहू निवडताना.

बेडकांमध्ये एक प्रकारचा नर असतो. जोराचा नर डबक्यात ओरडत असतो, आणि हा शेजारी गप्प बसून राहतो. मादी त्या आवाजाकडे यायला निघाली की हा मधेच तिला धरतो. हा भाग अभ्यासक्रमात नाही. मी तो एकदा वाचला आणि पुस्तक मिटून ठेवलं. लोक माझ्याबद्दल म्हणतात, सर कमी बोलतात, सज्जन माणूस. प्राण्यांमध्ये पाप नसतं, हे मी मुलांना बजावून सांगतो. सुगरणीचा नरही एका मादीचं घर लागलं की दुसरीसाठी खोपा विणायला घेतो, त्याला कोणी वाईट म्हणू नये. ते खरं आहे. पण सुगरणीच्या मादीला खोटा निरोप कोणी देत नाही. ती स्वतः येऊन पाहते.

यंदा भाचीचं ठरत आलं. ती यवतमाळला नर्स आहे, मुलगा तिनंच शोधला. मार्चमध्ये बहीण दोन पत्रिका घेऊन माझ्याकडे आली. मेव्हणा असल्या कामात पडत नाही.

"दादा, तूच दाखवून घे," ती म्हणाली. "माझ्या वेळंसारखं नको व्हाले. ते उमरखेडचे आठवते का? रंग पाहून पलटले, अन् नाव नाडीचं केलं. माझं जाऊ दे, पन पोरीले असं घरी बसून वाट पाहाले लावू नको."

बायको चहा घेऊन आली. मी म्हटलं, "दाखवतो."

भाचीला फोन केला तर ती म्हणाली, "मामा, नाडी एक निघाली तरी मी करनार हाय. आईच्या समाधानासाठी पाहून घ्या."

ज्योतिषाकडे गेलो. आता ते कॉम्प्युटरवर करतात. भाचीचं जुळलं. उठता उठता मी खिशातून जुन्या दोन पत्रिका काढल्या. घरी रसायनशास्त्राच्या एका जाड पुस्तकात त्या बावीस वर्षं होत्या. शाई पसरलेली, पण जन्मवेळ वाचता येत होती. त्यानं आकडे टाकले. म्हणाला, "चांगली जुळते जी. नाडी बी येगळी हाय. तारीख कोनती पाहू?"

मी म्हटलं, "नको. नुसतं पाहायचं होतं."

मी बाहेर आलो. भाचीला कळवलं, आणि सांगितलं, मुलाकडे निरोप तूच दे, मी मधे येणार नाही. ती हसली, म्हणाली, "मामा, तो कधीचा दिला." त्या लग्नाला माझी गरज नव्हती, हे बरंच झालं. पण त्यामुळे माझं काही फिटलेलं नाही.

लग्न पुढच्या महिन्यात आहे. बहीण परवा घरी येऊन गेली, पाव्हण्यांच्या याद्या केल्या, बायकोला म्हणाली, "फोटोत मले मागंच उभी करा." मी तिथेच बसलो होतो. तिला माझं देणं आहे ते दोन वाक्यांचं. तो नाही म्हणाला नव्हता. आणि त्यानं तिच्यासाठी ओटा वीतभर उचलून घेतला होता. ही दोन्ही मी अजून तिला सांगितलेली नाहीत.