उंबरा चाटणारी कुत्री

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेली माती, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीतच सुटली. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, तरीपण माफी मागून झाली. न केलेल्या गोष्टीचीही माफी मागायची सवय लागलीय मला, आणि त्या सवयीचाच राग आलाय म्हणून लिहायला बसले.

काल आमच्या चाळीत शेजारणीच्या भावाने एक छोटा कुत्रा आणला. सकाळी तो भिंतीचा चुना चाटत होता. बायका हसत होत्या. एक म्हणाली, याला पान लावून द्या. मला हसू आलं नाही. मी शेजारणीला बाजूला घेऊन विचारलं, "रात्री त्याला काय घातलंत?" ती म्हणाली, "काही नाही. दुपारी भात खाल्ला होता की." मी घरातून अर्धी भाकरी आणून त्याच्यापुढे टाकली. भिंत सोडून तो भाकरीवर आला.

हे मला शहाणपणाने कळलेलं नाही. ते कळायला माझे नऊ महिन्यांचे पैसे गेले.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. आम्ही रत्नागिरीकडून येऊन भाईंदर पूर्वेला राहत होतो. हे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते. मी पश्चिमेला एका बंगल्यात लादी-भांडी करायला जायचे. बंगल्यातले साहेब इमारतींची कंत्राटं घ्यायचे. बाई देवाधर्माच्या. त्यांच्याकडे एक छोटी पांढरी कुत्री होती, झुपकेदार शेपटीची, मांजरापेक्षा थोडी मोठी. त्या जातीला पामेरियन म्हणतात. बाईंचा तिच्यावर जीव होता, हे मी नाकारत नाही. थंडीत तिला स्वतःच्या शालीत घेऊन बसायच्या.

बाई चातुर्मासात एकभुक्त राहायच्या. म्हणजे आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चार महिने दिवसातून एकदाच, दुपारी नैवेद्य झाल्यावर जेवायचं. मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. त्या वर्षी त्यांच्या मनात आलं की कुत्रीनेही आपल्याबरोबर हे व्रत करावं.

मला म्हणाल्या, "मुकं जनावर आहे, पण मागच्या जन्मीचं पुण्य असल्याशिवाय या घरात आलं नाही. माझ्याबरोबर जेवेल, माझ्याबरोबर राहील."

मी म्हटलं, "हो बाई."

"आणि तू मधे काही टाकायचं नाहीस. व्रत मोडलं तर पाप तुझ्या माथी."

"हो बाई."

दुपारी बाईंच्या पानाशेजारी कुत्रीची वाटी लागायची. दूधभात, वर तूप. त्यानंतर चोवीस तास काही नाही. साहेब आणि त्यांचा मुलगा सकाळी पोहे खायचे, रात्री जेवायचे, आणि ती टेबलाखाली बसून त्यांच्या तोंडाकडे बघायची. बाईंच्या धाकाने कोणी घास टाकत नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी तिने चाटायला सुरुवात केली. मी सकाळी सातला जायचे तेव्हा ती लादी चाटत असायची. लादीवर काही सांडलेलं नसायचं. मी पुसलेली जागा चाटायची, न पुसलेलीही चाटायची. खुर्चीचा पाय चाटायची, मोरीजवळची भिंत चाटायची, स्वतःचे पुढचे पाय इतके चाटायची की तिथले पांढरे केस तांबूस झाले. कधी कधी तर नुसतीच हवेत जीभ फिरवायची आणि घोट गिळल्यासारखं करायची. मग अंगणात जाऊन गवत खायची. हे सगळं दुपारी जेवेपर्यंत. जेवली की चाटणं बंद, पोट वर करून झोपायची.

चाटणं सुरू झालं त्या पहिल्याच आठवड्यात मला कळलं होतं. खरं सांगते, कळलं होतं. गावी आमच्याकडे श्रावणात तांदूळ संपायचा आणि नवं भात यायला वेळ असायचा. मी सहा-सात वर्षांची असेन. सकाळी उठल्यावर पोटात आंबट जळायचं, तोंडाला पाणी सुटायचं, आणि मी चुलीमागची मातीची भिंत चाटायचे. गार लागायची, बरं वाटायचं. मग पिवळं पाणी उलटून पडायचं. आई मला मारायची, भिंत खाते म्हणून. पण ज्या दिवशी रात्री पेज मिळायची त्या दिवशी सकाळी मला भिंत आठवायचीसुद्धा नाही. त्या कुत्रीला लादी चाटताना बघून माझ्या जिभेवर ती माती आली.

तरी मी बोलले नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही. दुकानात सामान मागायचं तरी मी आधी मनात घोकते. आणि पापाचंही भय होतं. दुसऱ्याचं व्रत मोडायचं म्हणजे काय साधी गोष्ट होती का.

देवघराचा उंबरा संगमरवरी होता, गार. साहजिकच ती तो जास्त चाटायची. बाई पहाटे पूजेला बसायच्या आणि कुत्री उंबऱ्याशी मान खाली घालून चाटत असायची. बाईंचे डोळे भरून यायचे. दुपारी पोथी ऐकायला सात-आठ बायका जमायच्या, त्यांना त्या सांगायच्या, "अहो, रोज पहाटे उंबरा चाटते. देवाचे पाय म्हणूनच चाटते." खुर्चीचा पाय चाटते ते कोणाला सांगत नव्हत्या. मोरीची भिंतही नाही. एक बाई तर मुद्दाम सकाळी बघायला आली, आणि तिने कुत्रीच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं. मी तेव्हा तिथेच फडकं पिळत होते. आज वाटतं, ते फडकं तिच्या हातात द्यायला हवं होतं आणि म्हणायला हवं होतं, बाई, आधी एक दिवस उपाशी राहा आणि मग सांग तुला काय चाटावंसं वाटतं.

आश्विनात कुत्री पडली. सकाळी मी गेले तर स्वयंपाकघरात पिवळा फेस ओकून पडली होती. पोट आत गेलेलं, डोळे अर्धे मिटलेले. बाई रडत होत्या. मला बघितल्याबरोबर म्हणाल्या, "काय घालतेस ग पाण्यात?"

"फिनेल, बाई. तुम्ही दिलेलं."

"किती घालतेस?"

"एक झाकण."

"एक झाकणाने असं होत नाही. तू ओतत असशील. ती लादी चाटते हे दिसत नव्हतं तुला? विष घातलंस तिला."

साहेबांनी बोरिवलीहून जनावरांचा डॉक्टर बोलावला. तो काशीमीऱ्याच्या रस्त्याने टॅक्सी करून आला. तासभर होता. साहेबांशी इंग्रजीत आणि हिंदीत बोलला. मी मागच्या दारात उभी होते, मला काही समजलं नाही. तो गेल्यावर बाईंनी मला बोलावलं. डॉक्टरची फी, टॅक्सी, औषध मिळून शहाण्णव रुपये झाले होते. माझा पगार तीस रुपये.

"एकदम कापत नाही," बाई म्हणाल्या. "महिन्याला आठ. दुसरी असती तर पोलिसात दिलं असतं."

मी काय म्हटलं असेन? म्हटलं, "चुकलं, बाई."

घरी येऊन यांना सांगितलं. हे जेवत होते. म्हणाले, "तू ओतलं होतंस जास्त?"

"नाही."

"मग चुकलं कशाला म्हणालीस?"

मी यांच्या ताटात भात वाढला. हे म्हणाले, "सोड ते घर." पण महिन्याला बावीस रुपये तरी येत होते, आणि दुसरीकडे गेले तर तिथेही ही बातमी माझ्याआधी पोचली असती. कुत्रीला विष घालणारी बाई घरात कोण ठेवेल? आमच्या मोठ्या मुलीचं दूध बंद केलं. आठ रुपये म्हणजे तिचं दूध होतं.

आता पुढचं नीट लिहिते, कारण मी ते स्वतःलाच शंभर वेळा सांगितलंय.

डॉक्टर येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाईंनी मला हुकूम दिला. सकाळी आल्याबरोबर कुत्रीला दोन बिस्किटं दुधात. रात्री त्या स्वतः थोडा भात घालायच्या. व्रताचं नाव नाही. आठ दिवसांत तिचं चाटणं थांबलं. महिन्याभरात पायाचे केस पांढरे झाले. आणि मी लादी पुसतच होते. फिनेल तेच, झाकण एकच, फडकंही तेच. कुत्री त्याच लादीवर लोळत होती. बाईंना हे दिसत नव्हतं? बिस्किटाचा डबा त्याच काढून द्यायच्या. त्याच हाताने महिन्याच्या एक तारखेला तीसमधून आठ बाजूला काढायच्या. मला आधी वाटायचं, यांच्या लक्षात आलं नसेल. मग एकदा मी बिस्किटं द्यायला विसरले, तर म्हणाल्या, "रिकाम्या पोटी ठेवू नकोस ग तिला, पित्त होतं." हे बोलून त्या माझ्याकडे न बघता देवघरात निघून गेल्या.

त्या दिवशी मी घरी जाऊन सरळ चुलीपाशी बसले. भाकरी थापताना हात इतके जोरात पडत होते की हे म्हणाले, "परात फुटेल."

ज्येष्ठ संपत आला. नऊ वेळा आठ रुपये कापून झाले होते. डॉक्टर कुत्रीला सुई टोचायला पुन्हा आला. बाई आत गेल्या होत्या, कुत्रीला मी धरलं होतं. तो मराठीत मला म्हणाला, "आता चाटते का?"

"नाही."

"उपाशी ठेवत नाही ना? तेवढंच होतं तिला. छोटं जनावर, पोटात काही नसलं की आम्ल चढतं, मग दिसेल ते चाटतात. मी मागेच सांगितलं होतं साहेबांना."

मी विचारलं, "आणि फिनेल?"

"कसलं फिनेल?" तो म्हणाला.

आषाढीला चार दिवस होते. दुपारी पोथीला बायका जमल्या. पूजेची फुलं आणि दुर्वा घेऊन येणारी गावातली म्हातारीही दाराशी बसली होती. ती तिथलीच, जुन्या भाईंदरची, कोणाच्या पगारावर नव्हती, तोंडाने फटकळ. बाई सांगत होत्या, यंदाही मी एकभुक्त राहणार, आणि कुत्रीही राहणार. "मागच्या वर्षी तिचं व्रत अर्धं राहिलं. आमच्या बाईच्या हलगर्जीपणामुळे. यंदा पुरं करून घेते."

सगळ्या जणींनी माझ्याकडे बघितलं. मी चहाचे कप गोळा करत होते. कप खाली ठेवले. माझा आवाज मला स्वतःलाच ओळखू आला नाही.

"तिला उपास घालू नका, बाई. ती भुकेने चाटत होती. डॉक्टरांनी सांगितलंय."

बाई म्हणाल्या, "तुला कोणी विचारलं?"

"फिनेल मी अजून तेवढंच घालते. बिस्किटं चालू झाली तेव्हा चाटणं थांबलं. तुम्हाला माहीत आहे."

एकजण पोथीचं पान उलटायला लागली. तेवढ्यात दाराशी बसलेली म्हातारी म्हणाली, "मंग ती उंबरा चाटत व्हती ती भुकेनं का? आन मी फुलं वाहिली तिला." स्वतःवरच खुदकन हसली. मग बाईंना विचारलं, "पर बाय, कुत्री भुकेली व्हती तर हिचं पैसं कशाला कापलं? हिनं थोडीच उपास धरायला सांगितला व्हता?"

"तुला नाही कळायचं ते," बाई म्हणाल्या.

"न्हाय कळत म्हनून तर इचारते. कळनाऱ्या ह्या बसल्या हाईत. सांगा की ग कोनीतरी मला."

त्यातली हळदकुंकू वाहणारी बाई हळूच म्हणाली, "कापायला नको होते." बाईंचा चेहरा लाल झाला. त्या दिवशी पोथी लवकर संपली.

माझा राग गेला नव्हता. मी भांडी घासली, फडकी वाळत घातली, आणि जाताना बाईंच्या समोर उभी राहिले. म्हटलं, "उद्यापासून मी येत नाही. माझे बहात्तर रुपये द्या. आणि कुत्रीला सकाळी बिस्किटं घाला."

"साहेब आल्यावर बघू," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेब स्वतः आमच्या चाळीत आले, चपला न काढता दारात उभे राहिले. हे कामावरून नुकतेच आले होते. साहेबांनी खिशातून पाकीट काढून यांच्यापुढे धरलं. हे म्हणाले, "तिचे आहेत, तिला द्या."

साहेबांनी पाकीट माझ्या हातात दिलं. "बघ बाई, झालं गेलं विसरून जा," असं म्हणाले. चुकलं, असं म्हणाले नाहीत. बिस्किटं घालतात का विचारलं, तर मान हलवली, हो.

मी त्यांना थांबायला सांगितलं. दारातच नोटा मोजल्या, एकदा नाही, दोनदा. साहेब उभे राहिले. दहाच्या सात आणि दोनची एक. पुरे बहात्तर होते.