भोंगा बंद ठेवलेला रविवार

आमच्या केजच्या चर्चच्या मंडळीला हळू प्रार्थना करता येत नाही. उपासनेत ज्याचं जे दुखतं ते तो उभं राहून मोठ्यानं सांगतो, आणि पाळकसाहेब तेच भोंग्यावरून देवाला पुन्हा सांगतात. देव बहिरा आहे की काय, असं बाहेरच्याला वाटावं.

दसरा झाला की ऊसतोडीला गावं रिकामी होतात. मागं राहिलेल्या पोरींना मंडळीतली घरं ठेवून घेतात, म्हणजे शाळा सुटत नाही आणि पोर फडात जुंपली जात नाही. माझ्याकडं आली ती बारा वर्षांची. नवरा गेल्यापासून मी एकटीच, मुलगा पुण्यात रमलेला. पोरीनं आल्याआल्या माझ्या भाकरीला नावं ठेवली. मला ती तिथंच आवडली.

त्या हंगामात तिचा बाप फडावरून पळाला. टोळीच्या मुकादमानं आगाऊ दिलेली उचल फिटेपर्यंत म्हणून तिच्या आईला अडकवून ठेवलं. फोन काढून घेतला, बाजारालाही एकटीला सोडेना. टोळीतल्याच एका बाईनं ही खबर आम्हाला कळवली. मंडळीतल्या काही जणांनी गुरुवारी जीप घेऊन जायचं ठरवलं. आणि रविवारी पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, "प्रभू, गुरुवारी आमची माणसं त्या फडावर पोचतील, आमच्या बहिणीला सोडव!" भोंग्यावरून. चर्चच्या समोरच मुकादमाच्या भावाचं चहाचं हॉटेल. आता बोला!

जीप पोचली तेव्हा तिथं नुसतं उसाचं पाचट पडलेलं होतं. टोळी दुसरीकडं हलवली होती. पाळकसाहेब माझ्या ओट्यावर बसून लहान लेकरासारखे रडले. मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले, मग चहा दिला.

पुन्हा पत्ता लागेपर्यंत संक्रांत उलटली. या वेळी पोलिसांना बरोबर घ्यायचं ठरलं आणि भोंगा बंद ठेवला. कुणी उभं राहिलं नाही, सगळी मंडळी मान खाली घालून गप्प. पोर माझ्या कानाशी लागली, "आजी, मनातल्या मनात देवाला ऐकू जातंय का?"

"जातंय की. मुकादमाला जात न्हाई."

पोलिसांकडं हेलपाटे घालता घालता महिना गेला, मग आई आली. जीप थांबायच्या आत पोर अनवाणी धावली. मी तिची चप्पल घेऊन मागं गेले, पण तिला ती घालायला सवड कुठली. दुसऱ्या दिवशी दोघी घाटनांदूरला तिच्या मामाकडं गेल्या. जायलाच हव्या होत्या, त्यासाठीच तर सगळं केलं होतं. तरी मला फार लागलं, खोटं कशाला बोलू.

त्या रविवारपासून पोर होती तोवर आम्ही दोघी दिवेलागणीला तिच्या आईसाठी मनातच प्रार्थना करायचो. ती सवय मला राहून गेली. परवा ध्यानात आलं, आता मोठ्यानं म्हणायला काही हरकत नाही. या घरात ऐकायला कोणी नाही.