सोवळ्यातली तीन यंत्रं

संहिताक्का आमच्या ऑफिसात सगळ्यांची लाडकी होती असं मी म्हणणार नाही. मला तर ती मुळीच आवडायची नाही. मी निपाणीची, तोंडाची फटकळ. ती बसवनगुडीच्या जुन्या मराठी घरातली, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहून मराठीत निम्मं कन्नड कालवलेली. वय सत्तेचाळीस. सकाळी साडेआठला महादेवपुऱ्याच्या ऑफिसात हजर, आणि दिवसभरात मोजून दहा वाक्यं. त्यातली सहा "सरी, बघू", म्हणजे ठीक आहे, बघू, एवढीच.

तालुक्याच्या दवाखान्यांसाठी आम्ही एक छोटं यंत्र बनवत होतो. ते तान्ह्या बाळाच्या श्वासावर लक्ष ठेवायचं. श्वास थांबला की दोन सेकंदांच्या आत घंटा वाजायला हवी, नाहीतर नर्स धावणार कधी? यंत्र स्वस्त, म्हणून त्याची मेमरी तुटपुंजी, आणि त्या मेमरीत जागा करत राहायचं काम संहिताक्काचं. यंत्राच्या अगदी मुळाशी जे कर्नेल चालतं, त्यात तिने एक पहारेकरी बसवला होता. तो ठरावीक वेळाने मेमरीचा एकेक भाग तपासायचा, हा कुणी वापरला का म्हणून. दहा मिनिटं कुणी वापरला नाही, तर तो भाग उचलून संथ साठवणीत टाकायचा आणि लागला की परत आणायचा. दहा मिनिटांचा आकडा तिनेच ठरवलेला.

माझं काम चाचणीचं. सोमवारी सकाळी घंटेचं बटण दाबून सेकंद मोजायचे, मग वायरीने जोडलेला माझा प्रोग्राम शुक्रवारपर्यंत रात्रंदिवस, आवाज न करता, तेच करत राहायचा. हजारो चाचण्या झाल्या, सगळ्या पास. शुक्रवारी दुपारी यंत्रं ट्रकमध्ये चढणार होती. आमचा साहेब रोशन, त्याने म्हैसूरपाकसुद्धा सांगून ठेवला होता.

सोमवारी सकाळी ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी बटण दाबलं, नऊ सेकंद लागले. तो आकडा मी गाळला आणि पुढची चाचणी घेतली. ती पाऊण सेकंदात झाली. मघाचा आकडा कुठे गेला, असं तिने विचारलं. मी म्हटलं, पहिला सगळेच गाळतात, सुट्टीनंतर यंत्र जरा आखडलेलं असतं. पहिला डोसा तव्याला चिकटतोच, तो काय कुणी पानात वाढतं?

"दुसऱ्या डोशापर्यंत बाळ थांबेल का गं?" ती म्हणाली.

मग शेजारी बसून तिने मला समजावलं. माझी चाचणी दर पाच मिनिटांनी घंटा चालवून बघायची. त्यामुळे घंटेचा भाग मेमरीत कायम वापरात राहायचा आणि पहारेकरी त्याला हात लावायचा नाही. दवाखान्यात घंटा आठ-आठ दिवस वाजत नाही. म्हणजे ती वाजायची वेळ येईल तेव्हा तिचा भाग त्या संथ साठवणीच्या तळघरात गेलेला असणार, आणि तो वर आणण्यातच सेकंद जाणार. मी गाळत होते तो पहिला आकडाच खरा होता.

रोशन म्हणाला, एका आकड्यावर मी ट्रक थांबवणार नाही. तीन यंत्रांवर दाखवा, शुक्रवारी ट्रक निघायच्या आत. मंगळवारी सकाळी संहिताक्काने तीन यंत्रं मांडली आणि दिवसभर कुणी हात लावू नका म्हणून सांगितलं. बुधवारी दहाला रोशनसमोर बटणं दाबली. तिन्ही घंटा सेकंदाच्या आत वाजल्या. रोशन नुसता हसला. ते हसू तिला फार लागलं असणार.

जागेवर येऊन मी स्क्रीन पाहिला. माझी चाचणी मी बंदच केली नव्हती. ती आवाज न करता दर पाच मिनिटांनी त्या तिन्ही घंटांना रात्रभर डिवचत होती. तासभर मी तो स्क्रीन झाकून दुसरीच कामं केली. गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. मग उठले, तिच्या टेबलाशी गेले आणि सांगून टाकलं. मला वाटलं, आता ही माझी सालटी काढणार.

ती म्हणाली, लहानपणी आईच्या सोवळ्याच्या लुगड्याला मी मुद्दाम हात लावायची. मला त्या मडीचा, त्या सोवळ्याचा, संताप यायचा. आई बिचारी न बोलता परत आंघोळ करायची, लुगडं परत पिळून दांडीवर टाकायची.

"आता शुक्रवारपर्यंत ही तीन मडीत," ती म्हणाली. "हात नाही, वायर नाही. दहा मिनिटांतही दिसेल, पण साहेबांना दवाखान्यासारखे दोन दिवस दाखवू. परत सुरू करायचं, आणखी काय!"

माझ्या चाचणीच्या वायरी तिने स्वतः काढल्या. खुर्ची ओढून टेबलाशी बसली आणि डबाही तिथेच खाल्ला. संध्याकाळी खोलीला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली. गुरुवारी रोशन आला आणि चालू तरी आहेत का म्हणत बोट पुढे केलं. "शिवू नका, सर," ती उभी राहून म्हणाली. त्याने बोट मागे घेतलं. त्या क्षणी ती मला पहिल्यांदा आवडली.

शुक्रवारी दहा वाजता तिने बटण मला दाबायला लावलं. मी दाबलं. खोलीत काहीच वाजलं नाही. त्या शांततेत श्वास रोखून मी सेकंद मोजत होते. पहिली घंटा नवव्या सेकंदाला वाजली, दुसरी अकराव्या, तिसरी परत नवव्या. रोशनने तिथूनच फोन करून ट्रक थांबवला.

दुरुस्तीला दोन आठवडे गेले. घंटेच्या भागाला पहारेकऱ्याने कधीच हलवायचं नाही, असा नियम तिने कर्नेलमध्ये घातला. अहवालात कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, दहा मिनिटांचा आकडा माझा. माझ्या चाचणीबद्दल अवाक्षर नव्हतं.

मी तिला विचारलं, बटण मलाच का दाबायला लावलंत? ती म्हणाली, "ते नऊ सेकंद तू स्वतः मोजलेस ना? आता पहिला आकडा तू कधी गाळणार नाहीस."

त्या दुपारी मी जुन्या फायली उघडल्या. आकडे मी गाळले होते, पुसले नव्हते. एकोणतीस सोमवारांचे एकोणतीस पहिले आकडे निघाले. एकही दोन सेकंदांच्या आतला नव्हता. ते सगळे मी अहवालाला जोडले आणि खाली माझं नाव लिहिलं.